कॉलेजच्या सॉकर संघाबरोबर मुलीचा पहिला लांबचा दौरा: घरच्यांनी काय करावं, काय करू नये

न्यूजर्सीतल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी यंदा मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला गेली आणि तिथल्या महिला सॉकर संघात आहे. सप्टेंबरअखेर पहिला मोठा दौरा आहे: गुरुवारी रात्री सिएटलला सामना, रविवारी दुपारी ओरेगनमधल्या युजीनला. मुलगी शाकाहारी आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा घोटा चांगलाच मुरगळला होता. परतल्यावर सोमवारी गणिताची परीक्षा आहे. फोनवर काहीही विचारलं की "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणते. आपण काय तयारी करून द्यावी, आणि तिच्या मागोमाग जावं का?

मी इथे ॲथलेटिक ट्रेनर आहे आणि बरीच वर्षं महिला सॉकर संघांबरोबर प्रवास करते. जिममध्ये व्यायाम करून घेणारा ट्रेनर वेगळा. आमचं काम दुखापत टाळणं, झाली तर मैदानावर पहिली तपासणी करणं, आणि खेळाडू परत कधी खेळू शकेल हे संघाच्या डॉक्टरांबरोबर ठरवणं. त्यामुळे तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा घोटा नाही आणि जेवणही नाही. तो आहे "सगळं ठीक आहे". दौऱ्यावर मुली नेमकं हेच वाक्य आम्हालाही सांगतात, आणि दौऱ्याची रचनाच अशी असते की ते सांगावंसं वाटावं. म्हणून आधी ती रचना समजून घ्या.

कॉलेज सॉकरचा हंगाम छोटा आणि दाट असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला सराव, मध्यापासून सामने, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सची, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा, त्यानंतर ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा. बहुतेक कॉन्फरन्समध्ये आठवड्याला दोन सामने, गुरुवारी आणि रविवारी. पूर्वी एखाद्या कॉन्फरन्समधली विद्यापीठं शेजारशेजारच्या राज्यांत असायची, बसने जाऊन येता यायचं. २०२४ च्या हंगामापासून मूळच्या मिडवेस्टच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये पश्चिम किनाऱ्यावरची यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठं आली, आणि अटलांटिक किनाऱ्याचं नाव लावणाऱ्या एसीसी कॉन्फरन्समध्ये कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) आली. हे बदल झाले अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांच्या पैशासाठी. पण विमानात बसून तीन हजार किलोमीटर जाते ती सॉकरची, व्हॉलीबॉलची मुलगी, आणि तेही बहुतेक वेळा चार्टर विमानाने नव्हे, तर तुमच्याआमच्यासारखं सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहून. मला हे मनापासून पटत नाही. पण वेळापत्रक आपल्या हातात नसतं, तेव्हा आहे त्यातून वाट काढायची.

आता हिशेब बघा. गुरुवारचा सिएटलचा सामना रात्री सातला सुरू झाला तर तिच्या शरीराच्या घड्याळात, म्हणजे मिडवेस्टच्या वेळेत, नऊ वाजलेले असतात. सामना संपून अंघोळ, जेवण, हॉटेल होईपर्यंत शरीराच्या वेळेने रात्रीचा एक. डोक्यात सामना चालूच असतो, त्यामुळे झोप लगेच येत नाही. शुक्रवारी साधारण ४५० किलोमीटरचा बसप्रवास. शनिवारी हलका सराव. रविवारी दुपारी एकला पुन्हा ९० मिनिटांचा खेळ. दोन सामन्यांमध्ये मिळाले सुमारे ६४ तास, आणि चुरशीच्या सामन्यानंतर स्नायूंची ताकद पूर्ण परतायला साधारण ७२ तास लागतात. रविवारी संध्याकाळचं विमान, मध्यरात्र उलटल्यावर वसतिगृह, आणि सोमवारी सकाळी वर्ग.

एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम सांगतो की हंगामात खेळाचं काम आठवड्याला २० तासांपेक्षा आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. पालक हा आकडा वाचून निश्चिंत होतात. पण सामना कितीही वेळ चालला तरी नोंद ३ तासांचीच होते, आणि प्रवासाचा वेळ त्यात धरलाच जात नाही. विमानतळ, बस, हॉटेल हे सगळं त्या वीस तासांच्या बाहेर. मुलगी "थकले" म्हणाली तर कागदावरचे तास दाखवून तिला समजावू नका.

या सगळ्यात पहिल्या वर्षाची मुलगी नवी. महिला सॉकरला आता २८ खेळाडूंची मर्यादा आहे, पण दौऱ्यावर सगळ्यांना नेतातच असं नाही. कोण जाणार याची यादी दर आठवड्याला लागते आणि तिच्यात नाव आहे की नाही याकडे या मुलींचे डोळे लागलेले असतात. अशा वेळी घोट्यात मंगळवारपासून बारीक कळ आहे हे ती ट्रेनरला सांगेल? "यादीत नाव आलंय, आता कशाला" असं म्हणून ती टेप जरा घट्ट बांधून मागेल. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने बघत वाढले. पायाला फडकं बांधून लंगडत खेळणाऱ्याला तिथे सगळ्यात जास्त टाळ्या मिळायच्या. खेळावरचं ते प्रेम माझ्यात अजून तसंच आहे, पण त्या टाळ्या आता मी वाजवत नाही.

कारण वैद्यकीय आहे. मंगळवारी सांगितलेल्या घोट्यावर दोन दिवस काम करता येतं: सूज उतरवणं, तोल सांभाळण्याचे व्यायाम, गुरुवारी पूर्ण सामना न खेळवता शेवटची पंचवीस मिनिटं खेळवणं. कोचला हे करता येतं, कारण कॉलेजच्या नियमांत खेळाडू बदलण्याची मोकळीक व्यावसायिक सॉकरपेक्षा बरीच जास्त आहे. तोच घोटा रविवारी सामन्याआधी तासभर सांगितला तर माझ्यापुढे दोनच पर्याय उरतात, खेळ किंवा बाकावर बस. आणि न सांगता ती खेळलीच, तर दुखरा पाय वाचवताना दुसऱ्या पायावर, गुडघ्यावर भार जातो. सॉकर खेळणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांच्या सुमारे दोन ते तीन पट आहे, आणि यातल्या पुष्कळ दुखापती कुणाचा धक्का न लागता, एकटीने वळताना किंवा उडी मारून उतरताना होतात. त्यातून परत यायला नऊ महिने ते वर्ष जातं.

तिच्या घोट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुम्ही विचारलंय. एकदा चांगला मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढलेली असते, आणि दोन वर्षं झाली म्हणून ती आपोआप जात नाही. तिने सुरुवातीच्या वैद्यकीय तपासणीत हे लिहिलं आहे का, ते विचारा. अनेक मुली लिहीत नाहीत. टेपपेक्षा नाडीने बांधायचा ब्रेस, म्हणजे घोट्याचा आधारपट्टा, मला जास्त पटतो, कारण टेप घाम आणि धावण्याने पहिल्या हाफमध्येच सैल होऊ लागतो. ज्यांना ब्रेसमध्ये चेंडूचा स्पर्श नीट जाणवत नाही त्यांना टेप करतोच. पण खरा आधार आहे रोजच्या व्यायामांचा. फिफाने २००६ मध्ये आणलेला "इलेव्हन प्लस" नावाचा साधारण २० मिनिटांचा वॉर्म-अप आहे: हळू धावणं, मग ताकद, उड्या आणि तोलाचे व्यायाम, मग वेगाने धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष आले, त्यात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या होत्या. दौऱ्यावर नेमका हाच भाग कापला जातो. बस उशिरा पोचली, मैदान उशिरा मिळालं, की वॉर्म-अप बारा मिनिटांत उरकतात. तिला सांगा, उरलेले तोलाचे व्यायाम हॉटेलच्या खोलीत दात घासताना एका पायावर उभं राहूनही होतात. त्याला जागा लागत नाही.

बूट दोन जोड न्यायचे, एक गवताचा आणि एक कृत्रिम गवताचा. यजमानांच्या मैदानाचा पृष्ठभाग आधीच विचारून घ्यावा. आणि बूट, शिन गार्ड, ब्रेस विमानात हातातल्या बॅगेत, कधीही चेक-इनमध्ये नाही. बॅग चुकली तर जर्सी उसनी मिळते, पायात बसलेला बूट मिळत नाही.

आता जेवण. शाकाहारी मुलगी हा दौऱ्यावर आता नवलाचा विषय राहिलेला नाही, पण कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. संघाचं जेवण आठवडाभर आधी ठरतं, आणि ते ठरवणाऱ्याच्या डोक्यात चिकन आणि पास्ता असतो. शाकाहारी मुलीच्या ताटात मग नुसता पास्ता आणि लेट्यूस येतं. पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. तिने संघाचा प्रवास आणि जेवणाची व्यवस्था सांभाळणाऱ्या व्यक्तीला मोसमाच्या सुरुवातीलाच लेखी कळवावं: अंडं चालतं का, चीज चालतं का, राजमा, काळे घेवडे, टोफू यातलं काय आवडतं. "मी शाकाहारी" एवढं पुरत नाही. सामन्याआधीचं मुख्य जेवण तीन ते चार तास आधी, भात किंवा पास्ता जास्त, तेलतूप कमी. सामन्यानंतर तासाभरात काहीतरी पिष्टमय आणि काहीतरी प्रथिनं. चॉकलेट घातलेलं दूध साधं आहे, पण उत्तम काम करतं.

घरून काय द्यायचं? राजगिऱ्याचे लाडू, गूळपापडीच्या वड्या, दशम्या, खजूर, भाजलेले फुटाणे. बसमध्ये टिकतात आणि वास पसरत नाही. शेंगदाण्याची चिक्की किंवा चटणी देण्याआधी मात्र संघात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे ट्रेनरला विचारा. काही मुलींना डबा उघडल्यावर हात लागला तरी त्रास होतो, आणि बस महामार्गावर असताना तो प्रसंग कुणालाच नको.

नवरात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतं, म्हणजे ऐन कॉन्फरन्सच्या सामन्यांत. तुमच्या घरी उपवास असतील आणि मुलीला करायचे असतील तर ती तिची श्रद्धा आहे. मी कुणाला मोडायला सांगत नाही. साबुदाणा, बटाटा, वरी यांत पिष्ट भरपूर असतं, दूध-दही चालत असेल तर प्रथिनंही जमतात. निर्जळी उपवास मात्र सामन्याच्या किंवा प्रवासाच्या दिवशी करू नये. आणि उपवास आहे हे ट्रेनरला माहीत हवं, म्हणजे मैदानात चक्कर आली तर आम्ही भलतीकडे शोधत बसत नाही.

लोहाची तपासणी करून घेतली आहे का? शाकाहार, पाळी आणि रोजचं धावणं हे तिन्ही एकत्र आलं की शरीरातला लोहाचा साठा हळूहळू रिकामा होतो. हिमोग्लोबिन ठीक दिसतं, पण लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन खाली गेलेलं असतं. मग मुलगी म्हणते, "फक्त दौऱ्यावरच दम लागतो," आणि कोचला वाटतं फिटनेस कमी. हंगामाआधी एकदा आणि मध्यावर एकदा फेरिटिन बघावं. गोळ्या डॉक्टरांना विचारून, लिंबू किंवा संत्र्याबरोबर. जेवणाला लागून चहा मात्र नको. त्याच ओघात पाळीबद्दलही. तीन महिने पाळी आली नाही तर ती गोष्ट "चला, बरं झालं" म्हणून सोडायची नाही. खाणं धावण्याला पुरत नाही, याची ती अनेकदा पहिली खूण असते, आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. आपल्या घरांत मुली हे आईला सांगतात. कॉलेजला गेल्यावर आईपासून लांब आणि ट्रेनरशी ओळख नवी, अशा मधल्या काळात कुणालाच सांगत नाहीत. तुम्ही विचारा. थेट विचारा.

सिकल सेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हा विषय मराठी घरांना कळायला हवा. एनसीएएच्या प्रथम श्रेणीत (डिव्हिजन वन) २०१० पासून प्रत्येक नव्या खेळाडूची सिकल सेल स्थिती माहीत असणं अपेक्षित आहे. त्यामागे २००६ मध्ये राइस विद्यापीठातला डेल लॉइड हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू सरावानंतर दगावला, ते कारण आहे. इथे बऱ्याच जणांना वाटतं हा आजार फक्त आफ्रिकन वंशाच्या लोकांत असतो. विदर्भातल्या, गडचिरोली-नागपूरकडच्या, नंदुरबारच्या कुटुंबांना सांगायला नको की तो आपल्याकडेही आहे. मुलगी अमेरिकेत जन्मली असेल तर नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ततपासणीत नोंद सापडते. भारतात जन्मली असेल तर तपासणी करून घ्या. फक्त वाहक असलेली मुलगी खेळू शकते, उत्तम खेळू शकते. पण उन्हाळ्यातल्या कठोर सरावात आणि उंचावरच्या मैदानावर तिची काळजी वेगळी घ्यावी लागते. तुमच्या मुलीच्या या दौऱ्यात उंची नाही. पण वायोमिंगचं लॅरामी किंवा कोलोरॅडोतली एअर फोर्स अकादमी सुमारे २,२०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरापेक्षा कितीतरी उंच. तिथे वाहक मुलीच्या डाव्या बरगडीखाली अचानक दुखू लागलं तर तो प्लीहेचा त्रास असू शकतो. ते पोटात आलेली कळ समजून सोडायचं नसतं.

औषधांबद्दल मी इथे जरा आवाज चढवून बोलते. भारतातून आणलेलं खोकल्याचं औषध बॅगेत घालू नका. आपल्याकडच्या अनेक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं. हे बीटा-टू ॲगोनिस्ट गटातले घटक एनसीएएच्या बंदी असलेल्या यादीत येतात. दम्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेला इनहेलर ही वेगळी बाब, त्याची नोंद करता येते. आईने मायेने दिलेल्या बाटलीमुळे उत्तेजक चाचणी सकारात्मक आली, तर "मला माहीत नव्हतं" हे कारण पुरत नाही आणि मुलीचं अख्खं वर्ष जाऊ शकतं. आयुर्वेदिक चूर्णं, भस्मं, ताकदीच्या पावडरी यांचंही तेच: पुडीवर लिहिलेलं आणि आत असलेलं एकच असेल याची खात्री नसते. गरम पाण्यात हळद, आलं, मध खुशाल द्या. बाकी प्रत्येक गोळी आधी ट्रेनरला दाखवायची.

डोक्याला मार लागला तर नियम सरळ आहे. कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची शंका आली की मुलगी बाहेर, आणि निदान झालं तर त्या दिवशी परत मैदानात नाही. दौऱ्यावर अडचण अशी की लक्षणं कधीकधी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात, आणि तेव्हा ती माझ्यासमोर नसते, खोलीत असते. म्हणून मी नेहमी रूममेटला विचारते: उजेड बंद करायला सांगतेय का, चिडचिड करतेय का, तेच तेच विचारतेय का? तुम्ही फोनवर असाल आणि ती बोलताना अडखळली, एकच गोष्ट दोनदा सांगितली, तर तिला विचारून आम्हाला कळवा. तुमच्या कानाला तिचा आवाज आमच्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

आणखी एक नियम मुलींना आणि पालकांना माहीत हवा. परत खेळण्याचा वैद्यकीय निर्णय ट्रेनर आणि डॉक्टरांचा असतो, कोच तो बदलू शकत नाही. एनसीएएच्या प्रथम श्रेणीत हे अधिकार लेखी दिलेले आहेत. "मी सांगितलं तर कोच काय म्हणतील" या भीतीवर याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

हॉटेलमधल्या उपचारांबद्दल पालक सहसा संकोचाने विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. मसाज, बर्फ, स्ट्रेचिंग हे मीटिंग रूममध्ये किंवा दार उघडं ठेवलेल्या खोलीत, इतर मुली ये-जा करत असताना व्हायला हवं. बंद खोलीत एकटीला बोलावणं, कारण न सांगता स्पर्श करणं, हे चालत नाही, समोरची व्यक्ती कितीही नावाजलेली असो. लॅरी नासर या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने उपचारांच्या नावाखाली मुलींचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झालं, त्यानंतर विद्यापीठांनी हे नियम कडक केले आहेत. मुलीला हे नियम माहीत असू द्या, आणि "मला हे नको" म्हणण्याचा हक्क तिचा आहे हेही.

बसचा विचार बहुतेकांच्या मनात येत नाही, माझ्या मनातून तो जात नाही. २६ सप्टेंबर २०१४ ला नॉर्थ सेंट्रल टेक्सस कॉलेजचा महिला सॉफ्टबॉल संघ ओक्लाहोमातून सामना खेळून परतत होता. समोरून येणारा ट्रक दुभाजक ओलांडून त्यांच्या बसवर आदळला आणि ४ मुली गेल्या. चौकशीत सीटबेल्ट न लावल्याचा मुद्दा ठळकपणे पुढे आला. नोव्हेंबर २०१६ नंतर बनलेल्या मोठ्या बसमध्ये खांद्यावरून येणारे पट्टे सक्तीचे आहेत, पण रात्री मुली सीटवर आडव्या होतात आणि पट्टा तसाच लोंबत राहतो. मुलीला पट्टा लावूनच झोपायला सांगा, हे माझ्या यादीत अगदी वर आहे. चालकाच्या बाबतीतही कायदा आहे: प्रवासी बसचा चालक सलग ८ तास विश्रांती घेतल्यानंतर १० तासच गाडी चालवू शकतो आणि १५ तास कामावर राहिल्यानंतर त्याला गाडी चालवता येत नाही. रात्रीचा सामना संपून सहा तासांचा परतीचा रस्ता असेल तर दुसरा चालक लागतो किंवा मुक्काम. संघ मुक्काम करतोय असं कळलं तर "उगाच एक दिवस गेला" म्हणून हळहळू नका.

परीक्षेचं बोलू. हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे, फक्त वेळेवर सोडवावा लागतो. सत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येक प्राध्यापकाला प्रवासाच्या तारखांचं पत्र जातं. ते ॲथलेटिक्स विभाग देतो, पण प्राध्यापकाला भेटून बोलायचं काम मुलीचं. सोमवारची परीक्षा मंगळवारी किंवा बुधवारी हलवता येते का, हे आत्ताच विचारावं. काही वेळा दौऱ्यावर हॉटेलमध्येच देखरेखीखाली परीक्षा देता येते. रविवारी मध्यरात्री पोचून सोमवारी सकाळी गणिताचा पेपर देणं शक्य आहे, अनेक मुली देतात, पण मी माझ्या मुलीला देऊ दिला नसता. बसमध्ये अभ्यास होतो, पण वाचनाचा कमी आणि उदाहरणं सोडवण्याचा जास्त. ज्यांना गाडी लागते त्यांचा तोही नाही.

झोपेसाठी एकच सूचना: सिएटलला दोनच तासांचा फरक आहे आणि मुक्काम चार दिवसांचा, तेव्हा शरीर पूर्ण बदलायच्या फंदात पडू नये. सकाळी तिथल्या वेळेने थोडं उशिरा उठता येईल अशी दुपारची डुलकी आणि रात्रीचं जेवण आखावं, आणि परतल्यावर सोमवारी सकाळी उजेडात फिरावं. पूर्वेकडे परतणं नेहमीच जड जातं.

आता तुम्ही जावं का? जमत असेल तर एका सामन्याला जा, दोन्हींना नको. पहिल्या दौऱ्यात मुलीला संघाबरोबर राहायला, त्यांच्याबरोबर जेवायला, हॉटेलच्या लॉबीत रेंगाळायला मिळालं पाहिजे. संघातली ओळख तिथेच होते, सरावात नाही. पालकांचं हॉटेल वेगळं ठेवा. सामन्यानंतर पाहुण्या संघाचे पालक पार्किंगमध्ये टेबलं लावून मुलींना जेवण देतात, ती इथली छान पद्धत आहे. त्यात तुम्ही एक मोठा ट्रे पुलाव नेलात तर दहा मिनिटांत संपेल, हे मी पाहिलेलं आहे. घटकांची चिठ्ठी मात्र ट्रेवर चिकटवा. ती खेळली नाही, बाकावरच बसली, तर त्या टेबलापाशी कोचला कारण विचारू नका. आणि तिला पहिला प्रश्न "का नाही खेळवलं?" हा नको. तो प्रश्न तिने आधीच स्वतःला दहा वेळा विचारलेला असतो, आणि तो तुमच्याकडूनही आला की पुढच्या आठवड्यात घोट्याची कळ ती आणखी खोल दडवते.

फोनवर "कशी आहेस?" विचाराल तर "ठीक" हेच उत्तर येणार. त्याऐवजी नेमकं विचारा: काल रात्री किती वाजता झोपलीस? सकाळी जिना उतरताना घोटा कसा वाटला? ट्रेनरकडे शेवटचं कधी गेलीस? अशा प्रश्नांना "ठीक" म्हणून भागत नाही.

मुलगी १८ पूर्ण असेल तर तिच्या लेखी संमतीशिवाय तिच्या तब्येतीबद्दल आम्ही तुम्हाला काही सांगू शकत नाही, तुम्ही फोनवर कितीही काकुळतीला आलात तरी. संमतीपत्र बहुतेक विद्यापीठांत ऑनलाइन भरता येतं, तिने कुणाला काय सांगायचं ते त्यात ठरवावं. आणि विमा. अनेक विद्यापीठांत दुखापतीचं बिल आधी पालकांच्या विम्याकडे जातं, उरलेलं विद्यापीठाचा विमा बघतो. तुमची पॉलिसी न्यूजर्सीच्या नेटवर्कपुरती असेल तर वॉशिंग्टन किंवा ओरेगनमधल्या इमर्जन्सीत आणि नंतरच्या एमआरआयला काय होतं, हे कंपनीला फोन करून आधी विचारून घ्या. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिच्या फोनमध्ये आणि ट्रेनरच्या फाइलमध्ये असू द्या. फेरिटिनचा रिपोर्ट, सिकल सेलची नोंद आणि दोन वर्षांपूर्वीच्या घोट्याचे कागद कार्डाच्या फोटोबरोबर एकाच ईमेलने ट्रेनरला दौऱ्याच्या आठवडाभर आधी पाठवले, तर आमच्याकडे ते वाचायला वेळ असतो.